घरगुती सौरऊर्जा आणि बॅटरी साठवणूक: या कंपन्यांच्या शेअरमध्ये निवृत्तीचे पाच लाख गुंतवावेत का?

पाथर्डीफाटा५९ यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. अंबड औद्योगिक वसाहतीतील स्विचगिअरच्या एका कारखान्यात, चाचणी विभागात, एकतीस वर्षे नोकरी करून मी निवृत्त झालो. मिळालेल्या रकमेचा मोठा भाग ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवला आहे आणि त्याला हात लावण्याचा विचार नाही. पाच लाख रुपये मात्र बाजूला काढले आहेत. ही रक्कम सात-आठ वर्षे लागणार नाही आणि ती मला समजणाऱ्या क्षेत्रात गुंतवावी, अशी इच्छा आहे.

निवृत्तीच्या सुमारास घरावर तीन किलोवॉटची सौर यंत्रणा बसवली. एकूण खर्च एक लाख पंच्याण्णव हजार झाला आणि त्यातले अठ्ठ्याहत्तर हजार पंतप्रधान सूर्यघर योजनेतून खात्यात परत आले. पूर्वी महिन्याला २८० युनिटांच्या आसपास वापर होता. आता बिलात स्थिर आकार आणि किरकोळ रक्कम एवढेच उरते. जिन्याखालच्या नेट मीटरच्या पडद्यावर आयात (ग्रिडकडून घेतलेली वीज) आणि निर्यात (ग्रिडला दिलेली वीज) असे दोन आकडे आळीपाळीने येतात. दुपारी एकच्या सुमारास निर्यातीचा आकडा पुढे सरकताना पाहिला की फार समाधान वाटते.

माझा पुतण्या कॅलिफोर्नियात असतो. तेथे घराघरांतल्या बॅटऱ्या एकत्र जोडून ग्रिडला वीज पुरवतात, असे तो सांगतो. २९ जुलै २०२५ रोजी संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत लाखाहून अधिक घरगुती बॅटऱ्यांनी मिळून सरासरी ५३५ मेगावॉट वीज दिली, हे त्याच्याकडून कळले तेव्हा मी थबकलो. आपल्या नाशिकच्या एकलहरे औष्णिक केंद्राचे २१० मेगावॉटचे तिन्ही संच पूर्ण भाराने चालले तर ६३० मेगावॉट होतात. म्हणजे भिंतीवर टांगलेल्या पेट्यांनी दोन तास जवळपास एका औष्णिक केंद्राचे काम केले. ज्या कंपन्या हे घडवून आणतात त्यांचे भागीदार व्हावे, असे वाटणे स्वाभाविक नाही का?

माझा प्रश्न असा की, पाच लाख रुपये अमेरिकेतील घरगुती सौर आणि बॅटरी कंपन्यांत घालावेत, की आपल्याकडील पॅनेल व बॅटरी बनवणाऱ्या कंपन्यांत? शिवाय घरी पाच किलोवॉट-तासांची, म्हणजे पाच युनिट साठवणारी, लिथियम बॅटरी बसवण्याचे एक लाख चाळीस हजारांचे दरपत्रक माझ्याकडे आले आहे. तीही एक गुंतवणूक ठरेल का, याविषयी जाणकारांनी मत द्यावे.

निवृत्त_कर्ज_अधिकारी यांचे उत्तर

आपला प्रश्न वाचून फार बरे वाटले, कारण आपण यंत्र समजून घेऊन मग पैशाकडे वळला आहात. बहुतेक जण उलटे करतात. मी बँकेत उद्योगांच्या कर्जाचे प्रस्ताव तपासत असे आणि त्याच नजरेने अमेरिकेतील या कंपन्यांचे ताळेबंद गेली काही वर्षे वाचत आलो आहे.

या कंपन्या वरून वीज कंपन्या दिसतात, पण त्यांचा खरा धंदा कर्जाचा आहे. ग्राहकाच्या छतावर कंपनी स्वतःच्या खर्चाने पॅनेल आणि बॅटरी बसवते आणि पुढची वीस-पंचवीस वर्षे त्याच्याकडून मासिक भाडे घेते. खर्च आज होतो, उत्पन्न पाव शतकभर थेंबाथेंबाने येते आणि मधली दरी कर्ज काढून, भाडेकरारांचे गठ्ठे करून ते रोखेबाजारात विकून आणि करसवलती गुंतवणूकदारांना देऊन भरली जाते. व्याजदर शून्याजवळ होते तोवर हे चक्र सुरळीत चालले. मार्च २०२२ पासून अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने दर वाढवायला सुरुवात केली आणि जुलै २०२३ पर्यंत ते सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर नेले. त्याच काळात, एप्रिल २०२३ मध्ये, कॅलिफोर्नियाने नव्या ग्राहकांनी ग्रिडला दिलेल्या विजेचा मोबदला साधारण तीन-चतुर्थांशाने कमी केला. ऑगस्ट २०२४ मध्ये घरगुती सौर यंत्रणांच्या धंद्यातील सनपॉवरने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि जून २०२५ मध्ये काही दिवसांच्याच अंतराने घरगुती सौर कर्जे देणारी मोझॅक आणि भाडेकरारांवर चालणारी सनोव्हा या दोघींनी तीच वाट धरली. घरांसाठी मायक्रोइन्व्हर्टर (प्रत्येक पॅनेलमागे बसणारे छोटे इन्व्हर्टर) आणि बॅटरी बनवणाऱ्या एनफेजचा शेअर २०२२ च्या अखेरीस ३०० डॉलरच्या वर होता; २०२५ मध्ये तो ४० डॉलरच्या खाली उतरला. या कंपन्यांची पॅनेले निकामी झाली नव्हती आणि सूर्यही मावळला नव्हता. पैसा महाग झाला आणि धोरण बदलले, एवढेच घडले.

त्यात भर म्हणजे स्वतःच्या पैशाने यंत्रणा घेणाऱ्या अमेरिकी घरमालकाला मिळणारी ३० टक्के करसवलत ३१ डिसेंबर २०२५ रोजी संपली. भाडेतत्त्वावर चालणाऱ्या कंपन्यांसाठीची सवलत आणखी काही काळ आहे आणि बॅटरीसाठीची त्याहून अधिक काळ आहे. म्हणून तगून राहिलेल्या कंपन्या आता बॅटरीवर अधिकच भर देत आहेत; आपल्या पुतण्याने सांगितलेला आकडा त्याआधीच बसलेल्या बॅटऱ्यांचा आहे. तरीही त्या ५३५ मेगावॉटमधून भागधारकाच्या हाती किती येते, हे कर्जाचे हप्ते फिटल्यानंतरच ठरते, आणि भागधारक त्या रांगेत सर्वांत शेवटी उभा असतो.

आपल्याला लांब जाण्याची गरज नाही. सिन्नरजवळ गुळवंचला १३५० मेगावॉटचा औष्णिक प्रकल्प उभा राहिला. संच तयार होते, चिमण्या महामार्गावरून दिसत होत्या, पण वीजखरेदीचा करार नव्हता आणि म्हणून तो वर्षानुवर्षे बंद पडून राहिला. कर्ज देणाऱ्यांचे पैसे अडकले. मेगावॉट मोजण्याआधी करार वाचावा, हे मी त्या प्रकल्पावरून शिकलो आणि अमेरिकी कंपन्यांनाही तीच फूटपट्टी लावतो. माझे मत विचाराल तर निवृत्त माणसाने कर्जावर चाललेल्या परदेशी कंपनीत पाच लाख एकगठ्ठा घालू नयेत.

कॉलेजरोड_भागधारक यांचे उत्तर

वरील मताचा आदर राखून थोडा मतभेद नोंदवतो. अमेरिकेची कथा भारताला जशीच्या तशी लागू पडत नाही. आपल्याकडे ग्राहक यंत्रणा स्वतः विकत घेतो, अनुदान थेट त्याच्या खात्यात जमा होते आणि पॅनेल बनवणाऱ्या कंपनीला वीस वर्षे भाड्याची वाट पाहावी लागत नाही. सूर्यघर योजनेसाठी केंद्राने ७५,०२१ कोटींची तरतूद केली असून उद्दिष्ट एक कोटी घरांचे आहे, आणि मार्च २०२५ मध्ये त्यांपैकी दहा लाख घरांचा टप्पा गाठला गेला. अनुदान हवे असेल तर भारतात बनलेल्या सेलचेच (पॅनेलमध्ये वीज तयार करणाऱ्या चकत्यांचेच) पॅनेल लावावे लागते. १ जून २०२६ पासून केंद्राच्या मान्यताप्राप्त उत्पादकांच्या यादीत सेलचाही समावेश होत असल्याने स्वतः सेल बनवणाऱ्या कंपन्यांना त्याचा लाभ होणार, हे उघड आहे.

मला पॅनेल बनवणाऱ्या वारी एनर्जीजच्या प्रारंभिक विक्रीत (आयपीओ) ऑक्टोबर २०२४ मध्ये १,५०३ रुपयांनी नऊ शेअरचा एक लॉट मिळाला. नोव्हेंबरमध्ये भाव ३,७०० च्या पुढे गेला, काही महिन्यांत जवळपास निम्म्यावर आला आणि २०२५ मध्येच पुन्हा वर चढला. मी विकला नाही. हे चढउतार सोसण्याची तयारी असेल आणि रक्कम टप्प्याटप्प्याने घातली तर या क्षेत्रापासून दूर राहणे मला योग्य वाटत नाही.

सातपूर_सोलरवाला यांचे उत्तर

काका, मी नाशिक आणि सिन्नर भागात छतावर सौर यंत्रणा बसवण्याचा व्यवसाय करतो, त्यामुळे शेअरबाजारापेक्षा माल आणि मजुरी मला अधिक कळते. तरी काही गोष्टी कामावरूनच दिसतात, त्या सांगतो.

तुम्ही ज्याला घरगुती सौर कंपनी म्हणता ती आपल्याकडे शेअरबाजारात जवळपास नाहीच. तुमच्या छतावर जो माणूस चढला, ज्याने स्ट्रक्चर उभे केले, अर्थिंगचे खड्डे घेतले, महावितरणकडे अर्ज भरला आणि नेट मीटरसाठी चार चकरा मारल्या, तो बहुधा माझ्यासारखा स्थानिक व्हेंडर होता. टाटा पॉवरसारख्या मोठ्या कंपनीचे घरगुती छतांचे काम देशभर आहे, पण तो शेअर घेतलात तर त्यासोबत औष्णिक केंद्रे आणि शहरांचे वीजवितरणही विकत घेता. आमच्या धंद्यात तीन किलोवॉटच्या कामामागे पंधरा-वीस हजार हातात राहिले तर समाधान मानतो, आणि बँकेकडून येणारा हप्ता महिनाभर लांबला तर तेही व्याजात जातात. घरगुती छतांवरचा नफा असा विखुरलेला आहे. जो शेअर बाजारात मिळतो तो पॅनेल बनवणाऱ्याचा आहे, आणि ते अगदी निराळे दुकान आहे.

त्या दुकानाविषयी भागधारक साहेबांना एक नम्र सूचना. ऑगस्ट २०२५ मध्ये देशातील मान्यताप्राप्त पॅनेल उत्पादनक्षमता १०० गिगावॉटच्या (एक गिगावॉट म्हणजे हजार मेगावॉट) पुढे गेली. २०२४-२५ या आर्थिक वर्षात देशभरात, छते, शेते आणि वाळवंटातले प्रकल्प सगळे धरून, सुमारे २४ गिगावॉट सौर यंत्रणा बसल्या. सगळी यंत्रे पूर्ण क्षमतेने चालत नाहीत हे खरे, आणि या मागणीत वाढही होईल. पण इतकी तफावत असताना भाव कोण ठरवणार, हे गोदामात माल घ्यायला गेल्यावर लगेच कळते. जास्तीचा माल अमेरिकेला पाठवण्याचा मार्ग होता, तर जुलै २०२५ मध्ये तेथील उत्पादकांनी भारत, इंडोनेशिया आणि लाओसच्या पॅनेलविरुद्ध अतिरिक्त शुल्काची मागणी दाखल केली आणि ऑगस्टअखेर भारतीय मालावरील आयातशुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेले गेले. पुढे ते कमी-जास्त होत राहील. माझे मामा लासलगावला कांदा पाठवतात. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदीचा आदेश निघाला तेव्हा ट्रॅक्टर लिलावाच्या रांगेत उभा होता आणि सकाळचा भाव दुपारी राहिला नाही. पॅनेलचा कारखानाही असाच आदेशांच्या छायेत चालतो. आज आदेश अनुकूल आहेत म्हणून नफा दिसतो, हे ध्यानात ठेवून शेअर घ्यावा.

आता बॅटरीविषयी, कारण हा प्रश्न मला आठवड्यातून दोनदा तरी विचारला जातो.

काका, तुमच्याकडे नेट मीटर आहे. दुपारी बाराला ग्रिडला दिलेले युनिट रात्री नऊला जसेच्या तसे परत मिळते. म्हणजे महावितरणचे जाळे हीच तुमची बॅटरी आहे. ती झिजत नाही, तिच्यात पाणी घालावे लागत नाही आणि तिचे वेगळे भाडेही तुम्ही देत नाही. त्याऐवजी तेच युनिट लिथियम बॅटरीत भरून रात्री काढले तर भरताना आणि काढताना मिळून दहा टक्क्यांच्या आसपास वीज वाया जाते. म्हणजे एक लाख चाळीस हजार खर्च करून बिल कमी होण्याऐवजी किंचित वाढते.

ज्यांच्याकडे सौर यंत्रणा नाही, पण वेळेनुसार दर मोजणारा टीओडी मीटर आहे, त्यांचे गणितही फार वेगळे नाही. जुलै २०२५ पासून अशा घरगुती ग्राहकाला सकाळी नऊ ते सायंकाळी पाच या वेळेत युनिटमागे ८० पैशांची सवलत सुरू झाली. दुपारी स्वस्तात भरून रात्री रोज चार युनिट वापरले, तर वर्षाला ११६८ रुपये वाचतात. एवढ्यावर बॅटरीचे पैसे निघणार नाहीत, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

बॅटरी घ्यावी ती वीज जाते म्हणून. अनेकांना ठाऊक नसते की साधा ग्रिडशी जोडलेला इन्व्हर्टर वीज गेली की स्वतःही बंद पडतो, कारण खांबावर काम करणाऱ्या वायरमनला तुमच्या छतावरून उलट शॉक बसता कामा नये. मेच्या दुपारी डोक्यावर तीन किलोवॉटचे पॅनेल तापलेले असते आणि घरातला पंखा बंद असतो. घरात कोणी ऑक्सिजनच्या यंत्रावर असेल, दवाखाना असेल, किंवा म्हसरूळ-मखमलाबादच्या पुढच्या वस्तीत रोज दोन तास वीज जात असेल, तर हायब्रिड इन्व्हर्टर (वीज गेल्यावरही बॅटरीवर चालणारा) आणि बॅटरी जरूर घ्यावी. ती सोय आहे, आणि सोयीला किंमत मोजावी लागते. तिच्याकडून व्याज मागू नये. घेताना विक्रीनंतरची सेवा नाशिकमध्ये आहे का, एवढे नक्की पाहा. माझ्या एका ग्राहकाने अशा कंपनीची बॅटरी घेतली जिने दीड वर्षात येथील सेवा केंद्र बंद केले. आता बॅटरीतील नियंत्रक कार्ड बिघडले की पेटी बांधून दुसऱ्या राज्यात पाठवावी लागते.

हे चित्र कायम राहील असे मात्र नाही. केंद्राने २०२३ मध्ये नियम बदलून दिवसाचे दर कमी आणि संध्याकाळचे जास्त ठेवण्याची दिशा आखून दिली आहे. २०२५ च्या सुरुवातीला महावितरणने जो दरप्रस्ताव मांडला होता त्यात दिवसा तयार झालेली वीज दिवसाच्याच वापरातून वजा करण्याचा विचार होता आणि त्यावरून छतावर पॅनेल असलेल्या घरांमध्ये मोठी अस्वस्थता पसरली होती. दुपारचे युनिट रात्री परत मिळणे ज्या दिवशी थांबेल त्या दिवशी माझ्याकडे बॅटरीसाठी रांग लागेल. अधिकारी साहेबांनी सांगितलेला कॅलिफोर्नियाचा एप्रिल २०२३ चा निर्णय नेमका हाच होता. तेथील घरांत बॅटऱ्या त्यानंतरच झपाट्याने वाढल्या.

निवृत्त_कर्ज_अधिकारी यांची पुरवणी

सातपूरच्या मित्रांनी अत्यंत मोलाची माहिती दिली. बॅटरी कंपन्यांबाबत एकच जोडतो. ग्रिडसाठी मोठी साठवणूक केंद्रे उभारण्याच्या निविदांत २०२२ मध्ये एका मेगावॉटला महिन्याला १०.८४ लाख रुपये भाडे ठरले होते. २०२४ च्या अखेरीस, सरकारी साहाय्य धरून, तेच सव्वादोन लाखांच्या जवळ आले. वीज ग्राहकासाठी ही आनंदाची बातमी आहे. भागधारकाने मात्र विचार करावा की ज्या मालाचे भाडे दोन-अडीच वर्षांत पंचमांशावर येते त्याच्या उत्पादकाला आणि केंद्रचालकाला नफा कोठून मिळणार. एक्साइड आणि अमर राजा या दोघांनी लिथियमच्या कारखान्यांत मोठी रक्कम घातली आहे, पण त्यांची आजची कमाई मुख्यतः गाड्यांच्या आणि इन्व्हर्टरच्या लेड-ॲसिड बॅटऱ्यांची आहे. ते शेअर घेतलेत तर काय घेत आहात, हे स्पष्ट असावे.

नाशिकरोड_करसल्लागार यांचे उत्तर

परदेशी शेअर घेण्याचे ठरलेच तर कराच्या बाजूने थोडे. बँकेमार्फत पाच लाख पाठवल्यास वर्षाच्या दहा लाखांच्या मर्यादेत असल्याने स्रोतावर कर गोळा होत नाही. चोवीस महिन्यांनंतर विकल्यास नफ्यावर साडेबारा टक्के कर लागतो, आणि भारतीय शेअरच्या नफ्याला मिळणारी सव्वा लाखाची सूट येथे मिळत नाही. निवृत्तिवेतनधारकांकडून हमखास राहून जाणारी गोष्ट अशी की, परदेशी मालमत्ता एका शेअरची असली तरी विवरणपत्राचा पहिला, सोपा नमुना भरता येत नाही. दुसरा नमुना भरून परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात तिची नोंद करावीच लागते. वारसांसाठीही एक सूचना: अमेरिकेचा नागरिक वा रहिवासी नसलेल्याच्या नावे तेथील शेअर साठ हजार डॉलरपेक्षा अधिक असतील, तर मृत्यूनंतर तेथील वारसा कर लागू होतो. आपली रक्कम त्याहून खूप कमी आहे, पण पुतण्याच्या सल्ल्याने ती वाढत गेली तर हे लक्षात असू द्यावे.

पाथर्डीफाटा५९

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ताळेबंद वाचण्याची माझी पात्रता नाही हे मान्य करून अमेरिकी शेअरचा विचार सोडून देत आहे, आणि पुतण्याला ही सगळी उत्तरे पाठवणार आहे. बॅटरीचे दरपत्रकही परत केले. आमच्या भागात वीज महिन्यातून एखाददुसऱ्या वेळी जाते आणि जुना ट्यूब्युलर बॅटरीचा इन्व्हर्टर त्याला पुरतो. पाच लाखांपैकी चार लाख मुदत ठेवीत ठेवतो. उरलेले एक लाख पॅनेल उत्पादकांच्या शेअरमध्ये दरमहा थोडे थोडे करून दीड-दोन वर्षांत घालीन. हा पैसा निम्मा झाला तरी माझ्या झोपेवर परिणाम होणार नाही, एवढाच तो असेल.

सातपूरच्या मित्रांना एक शेवटचे विचारतो. माझी यंत्रणा वर्षाला चार हजारांहून थोडे अधिक युनिट देते आणि आमचा वापर ३,३६० च्या आसपास आहे. म्हणजे सुमारे सातशे युनिट शिल्लक राहतात आणि ती आर्थिक वर्षाच्या शेवटी अगदी कमी दराने हिशोबात धरली जातात. आणखी दोन किलोवॉट वाढवून वीज विकण्यात काही अर्थ आहे का?

सातपूर_सोलरवाला

नाही काका, वाढवू नका. अनुदान तीन किलोवॉटलाच थांबते, त्यामुळे पुढचे दोन किलोवॉट पूर्ण किमतीला पडतील आणि त्यांची सगळी वीज तुम्ही म्हणता त्या ३१ मार्चच्या हिशोबात पडत्या भावाने जाईल. जी वीज तुम्ही स्वतः वापरता तिची किंमत तुम्हाला बिलाच्या दराने मिळते आणि तीच खरी कमाई आहे.

त्यापेक्षा काकूंना विचारून एक चांगली इंडक्शन शेगडी घ्या. रोज दोन युनिट तिच्यावर गेले तर वर्षाला सातशे तीस होतात आणि तेवढ्यात पाच सिलिंडरांइतका स्वयंपाक होतो. नेट मीटर असल्याने ती दुपारीच लावली पाहिजे असे काही नाही. पहाटेचा चहा आणि रात्रीची खिचडीही त्याच शिलकीतून होईल. दर महिन्याच्या बिलावर पुढे ओढलेल्या युनिटांचा आकडा असतो, तो वहीत टिपत जा. जुलै-ऑगस्टमध्ये उत्पादन जवळपास निम्म्यावर येते तेव्हा आधीची शिलक वापरली जाते, म्हणून घाबरून जाऊ नका.

शेजारी बांधकाम सुरू असेल तर पॅनेलवर सिमेंटची धूळ बसून दव पडले की तिचा पापुद्रा होतो. पंधरा दिवसांतून एकदा, सकाळी सातच्या आत, मऊ कापडाने आणि साध्या पाण्याने पुसून घ्या. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी टाकू नका. गेल्याच आठवड्यात इंदिरानगरला त्यामुळे तडकलेले एक पॅनेल बदलून आलो.